जुन्या एमटीबीला म्हणजे माउंटन बाइकला डिस्क ब्रेक बसवायचेत? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पावसाळा लागला की राजेंद्र नगर, सुदामा नगरकडची अर्धी मंडळी रविवारी सकाळी महूकडे निघतात, कोणी पाताळपाणीला तर कोणी जानापावला, आणि परत आल्यावर ठरलेला प्रश्न येतो, "माझ्या जुन्या सायकलीला डिस्क बसतील का?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतोय. वाचायला लांब आहे, पण पैसे खर्च करण्याआधी वाचा, नंतर नाही.

आधी हे सांगा, डिस्क खरंच लागतात का?

बऱ्याच जणांना नाही लागत. घरून ऑफिस, संध्याकाळी राजवाडा, फार तर रात्री सराफ्यात खायला, एवढंच असेल तर व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे ब्रेक, पुष्कळ झाले. लोकांचे व्ही-ब्रेक खराब नसतात हो, वर्षानुवर्षं हात न लावल्याने तसे झालेले असतात. ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले, आतली तार गंजलेली, रिमवर चेनच्या तेलाचा थर. नवीन गुटके, नवीन तार आणि तिचा आऊटर म्हणजे बाहेरचं आवरण, रिम साबणाने धुऊन कोरडी करा आणि मग बघा, निम्म्या लोकांचा डिस्कचा विचार तिथेच संपतो.

डिस्कची खरी मजा कळते ती चिखलात. आपल्या माळव्याची काळी माती काय चीज आहे ते सिमरोलच्या पुढे शेतातल्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको. टायरला चिकटते, तिथून ब्रेकच्या हातांमध्ये आणि चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वरच्या कमानीत जाऊन घट्ट बसते, चाक फिरेनासं होतं, काडीने उकरून काढावी लागते. त्यात मुरमाचे बारीक खडे आले की रबर आणि रिमच्या मध्ये पॉलिश पेपर धरल्यासारखं काम सुरू, ब्रेक मारला की खर्रर्र आवाज आणि रिमची कड झिजत जाते. ती कड झिजून मधे खोलगट झाली असेल तर हलक्यात घेऊ नका, हवेच्या दाबाने रिम फाटू शकते. डिस्क म्हणजे ब्रेकची चकती वर चाकाच्या मधल्या हबपाशी असते, चिखल तिथे कमी पोचतो, रिमची झीज होत नाही, आणि चाक थोडं आऊट झालं तरी ब्रेक घासत नाही. ओल्या रिमला व्ही-ब्रेक लागायला क्षणभर उशीर करतो, भेरूघाट किंवा जानापावच्या उतारावर तो क्षण फार मोठा वाटतो.

माझ्या सायकलीला बसतील हे कसं ओळखायचं?

सायकल उभी करा आणि डाव्या बाजूला बसा. डिस्क नेहमी डावीकडे असते, कारण उजवीकडे चेन. तीन गोष्टी बघा.

पहिली, चिमट्याच्या डाव्या पायाला खाली, एक्सलच्या थोडं वर, मागच्या बाजूला ब्रेक अडकवायचे कान आहेत का. दुसरी, मागे डाव्या बाजूला एक्सल बसतो तिथे फ्रेमला तसेच कान आहेत का. तिसरी, हबच्या डाव्या तोंडाला सहा आट्याची भोकं किंवा दातेरी गोल आहे का.

कान दोन प्रकारचे असतात. आयएस म्हणजे चपटी पट्टी आणि त्यात आडवी आरपार दोन भोकं, अंतर ५१ मिमी. पोस्ट माउंट म्हणजे दोन ठोकळे उभे राहिल्यासारखे आणि बोल्ट त्यांच्यात सरळ आत जातात, अंतर ७४ मिमी. दोन्ही चालतात, फरक एवढाच की आयएसला हल्लीचा कॅलिपर, म्हणजे पॅडने चकती दाबणारा ब्रेकचा भाग, बसवायला मधे अडॅप्टर लागतो.

साधारण २००० नंतरच्या बऱ्याच एमटीबींना कान असतात पण कंपनीने व्ही-ब्रेक लावून दिलेले असतात, म्हणजे फ्रेम तीच, स्वस्त मॉडेलला ब्रेक स्वस्त. तुमची तशी असेल तर नशीबवान आहात. नव्वदीतली रेंजर किंवा हर्क्युलस एमटीबी असेल तर कान शोधत बसू नका, नाहीयेत.

पुढे कान आहेत, मागे नाहीत. आता?

मग फक्त पुढे डिस्क लावा आणि मागे व्ही-ब्रेक राहू द्या. यात कमीपणा काही नाही, उलट माझ्या मते जुन्या सायकलीसाठी सगळ्यात शहाणपणाचं सेटिंग हेच. जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरायला लागतं, मग मागे कितीही भारी ब्रेक लावा, तो चाक जाम करण्यापलीकडे काय करणार? थांबवायचं काम पुढचा ब्रेक करतो. मागचा व्ही-ब्रेक वेग आवरायला आणि वळणावर तोल सांभाळायला भरपूर आहे.

लोकांना दोन्हीकडे सारखं दिसायला हवं असतं, ते वेगळं. दिसण्यासाठी करायचं असेल तर पुढचा प्रश्न वाचून मग ठरवा.

मागे कान वेल्ड करून घेतले तर? लोहामंडीत एक जण म्हणाला "हो जाएगा भिया".

होऊन तर सगळंच जातं. आधी फ्रेमला चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड म्हणजे स्टील, नाही चिकटलं तर बहुतेक ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियम असेल तर विषय तिथेच सोडा. या फ्रेम वेल्डिंगनंतर भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून कडक केलेल्या असतात. तुम्ही एका जागी पुन्हा वेल्डिंग केलं की त्या जागेच्या आसपासची ताकद निघून जाते आणि नेमका तिथेच ब्रेकचा जोर येतो. तडा आज नाही तर चार महिन्यांनी जाईल, आणि तो घाटातच जाईल.

स्टील असेल तर करता येतं, पण गेट-ग्रिल करणाऱ्याकडे नाही. पातळ नळीचं काम जमणारा आर्गॉन वेल्डिंगवाला हवा, आणि कान वेल्ड करताना खरं चाक, खरी डिस्क आणि कॅलिपर लावून जागा धरावी लागते, कारण एक मिलिमीटर तिरकं बसलं तरी पॅड आयुष्यभर तिरके झिजतील. पोलोग्राउंडकडे लेथवर बारीक काम करणारे आहेत, त्यांना चपटी प्लेट आधी मापाने कापून भोकं पाडून द्यायला सांगा, मग वेल्डिंग. त्या भागात मागच्या दोन नळ्यांच्या मधे एक छोटा आधाराचा दांडाही लागतो, कारण मूळ नळी असा बाजूचा जोर घ्यायला बनवलेलीच नव्हती. वर रंग जळणार तो वेगळाच. एवढं सगळं मागच्या ब्रेकसाठी? मी तरी करणार नाही.

एक्सलपाशी नट-बोल्टने कसायचे अडॅप्टर पण ऑनलाइन मिळतात. काही फ्रेमवर नीट बसतात, काहींवर जोरात ब्रेक मारला की हलतात. घेतलाच तर मागेच लावा, पुढे कधीही नाही.

आणि चिमट्यालाच कान नसतील तर तिथे वेल्ड करू?

नको. स्टील असो की काही असो, नको. व्ही-ब्रेकचा जोर चिमट्याच्या वरच्या भागात येतो, डिस्कचा जोर डाव्या पायाच्या अगदी खालच्या टोकाला येतो आणि तोही फक्त एकाच पायाला. साध्या चिमट्याचे पाय खाली निमुळते होत जातात, ते वाकतात किंवा तुटतात. मागचं काही तुटलं तर सायकल थांबते, चिमटा तुटला तर तोंड फुटतं.

चिमटा बदला. बदलताना मापं अशी घ्या. वरची नळी जी हँडलकडे जाते तिचा व्यास बघा, जुन्यांमध्ये १ इंच म्हणजे २५.४ मिमी असू शकतो, नंतरच्या बहुतेकांत २८.६ मिमी. मग आट्याची की बिनआट्याची ते बघा. हँडलचा दांडा वरून आत घुसतो आणि मोठ्या नटने कप कसलेला असेल तर आट्याची, हँडलचा स्टेम बाहेरून नळीला चावत असेल तर बिनआट्याची. आट्याच्या हेडसेटवर (चिमटा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या संचावर) बिनआट्याचा चिमटा लावायचा तर हेडसेट आणि स्टेम दोन्ही बदलावे लागतात, त्याचा खर्च धरा. नळीची लांबी मोजा, लांब असेल तर कापता येते, आखूड असेल तर काही इलाज नाही.

आणि उंची. जुन्या सायकलीचा बिनसस्पेन्शनचा चिमटा साधारण ४०० मिमीच्या आसपास असतो, हल्लीचा १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, सस्पेन्शनवाला त्याहून बराच उंच. एक्सलपासून वरच्या कपापर्यंत दर २० मिमी उंची वाढली की पुढचा कोन जवळजवळ एक अंशाने पडतो, हँडल आळशी होतं, पॅडल वर जातं. थोडं चालतं, पण शोरूममध्ये सगळ्यात भारी दिसतो म्हणून १२० मिमीवाला उचलून आणू नका. ८० किंवा त्याच उंचीचा साधा डिस्कवाला चिमटा शोधा.

चाकं बदलावीच लागतात का?

हबला सहा भोकं किंवा दातेरी तोंड नसेल तर हो, किमान हब तरी. जुनीच रिम चांगली असेल तर तिच्यात डिस्कचा हब टाकून विणून घेता येतं, पण चाकाच्या जुन्या तारा म्हणजे स्पोक बहुतेक चालत नाहीत. डिस्कच्या हबची डावी कड आत सरकलेली आणि मोठी असते, म्हणून तारांची लांबी नव्याने काढावी लागते. विणताना तारा एकमेकींना ओलांडून जायला हव्यात, बाजारात तीन क्रॉस म्हणतात तसं. हबपासून सरळ रिमपर्यंत जाणाऱ्या तारांचं चाक दिसायला छान असतं पण डिस्कचा पीळ हबमधून तारांमार्फतच रिमला जातो, सरळ तारा तो पीळ पेलत नाहीत.

माप घ्यायचं ते चाक बसतं त्या दोन खाचांच्या आतून आतपर्यंत. पुढे १०० मिमी, मागे १३५ मिमी असेल तर बाजारातलं साधं क्विक रिलीजवालं, म्हणजे पान्याशिवाय लिव्हरने सुटणारं, चाक बसतं. मागे १३० निघाले आणि फ्रेम स्टीलची असेल तर पाच मिमी ताणून घेता येतात, ॲल्युमिनियमची असेल तर अजिबात ताणू नका.

मागे सात गिअरचं आट्याचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी चढवलेला दात्यांचा गठ्ठा, असेल तर फ्रीव्हीलवाला डिस्क हब मिळतो, कॅसेट म्हणजे हबवर सरकवून बसवायचा गठ्ठा घ्यायलाच पाहिजे असं नाही. दुकानदार कॅसेटच्या नावाखाली शिफ्टर, चेन सगळं बदलायला लावतात, थोडं थांबून विचारा.

केबलवाले घेऊ की हायड्रॉलिक?

केबलवाले तारेने चालतात, हायड्रॉलिक तेलाच्या दाबाने. जुन्या सायकलीसाठी आधी केबलचे बघा, कारण तुमचे व्ही-ब्रेकचे लिव्हर तसेच वापरता येतात. फक्त कॅलिपर एमटीबीचा म्हणजे जास्त तार खेचणाऱ्या लिव्हरसाठीचा हवा. एकाच नावाचा कॅलिपर दोन प्रकारांत येतो, एव्हिड कंपनीच्या बीबी-७ चंच बघा, माउंटन वेगळा आणि रोड वेगळा. रोडचा कॅलिपर व्ही-ब्रेकच्या लिव्हरला जोडला तर लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि सायकल काही थांबत नाही. शिमानोने व्ही-ब्रेक आणले १९९६ मध्ये, त्याआधीची कँटिलिव्हर ब्रेकवाली (जुन्या पद्धतीचे रिम ब्रेक) सायकल असेल तर उलटं होतं, तो लिव्हर तार कमी खेचतो आणि एमटीबीचा कॅलिपर लागायच्या आत लिव्हर हँडलला टेकतो. मग लिव्हर बदला.

हायड्रॉलिक हाताला फार हलके लागतात, एका बोटात काम होतं, पॅड झिजले तरी आपोआप पुढे येतात, तारेत चिखल जायचा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट खरेदीनंतरच लक्षात येते. बऱ्याच जुन्या सायकलींचा ब्रेक लिव्हर आणि गिअरचं शिफ्टर एकाच तुकड्यात असतं, म्हणजे हायड्रॉलिक घेतले की शिफ्टरही नवीन घ्यावे लागतात. आधी हँडलकडे बघा, मग कार्टमध्ये टाका.

आपल्याकडे मोटरसायकलच्या सवयीने पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. काही हायड्रॉलिक सेट डावा हात पुढचा धरून पाइप कापलेले येतात, तेव्हा मागचा पाइप आखूड पडतो. घेतानाच विचारा. पाइप कापून परत जोडला की आतली पितळी रिंग आणि पिन दर वेळी नवी लागते.

ब्रेक ऑइल गाडीचंच टाकलं तर चालेल का? घरी पडलंय.

कुठल्या ब्रेकमध्ये, त्यावर आहे. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांच्यात मिनरल ऑइल, एव्हिड आणि श्रामच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट, म्हणजे गाडीत असतं ते ब्रेक ऑइल. गाडीचं डॉट शिमानोत टाकलं तर आतले रबरी सील फुगतात आणि लिव्हर कायमचा जातो, नंतर कितीही धुवा. बाटलीवर नाही, लिव्हरवरच्या झाकणावर काय छापलंय ते वाचा. डॉट सांडलं तर रंग उडवतं, लगेच पाण्याने पुसा.

रोटर केवढा घेऊ?

रोटर म्हणजे ती गोल चकती. १६० मिमी. आपल्या वजनाला आणि आपल्या उतारांना पुढे-मागे १६० पुरतो. वजन नव्वदच्या पुढे असेल किंवा मागे सामान बांधून मांडूपर्यंत जाणारे असाल तर पुढे १८०. त्याच्यावर जाण्याआधी चिमट्याची मर्यादा बघा, जुन्या चिमट्यांना मोठा रोटर चालत नाही.

अडॅप्टरवर एफ १६०, आर १४० असं काहीतरी लिहिलेलं असतं (एफ म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे), त्यात गोंधळू नका, आयएसचा तोच अडॅप्टर पुढे १६० ला आणि मागे १४० ला बसतो. मागे १६० हवा तर एफ १८०, आर १६० वाला मागा.

बसवायचं कसं, घरी जमेल का?

एलन कीचा सेट आणि टी-२५ चा चांदणीसारख्या तोंडाचा पाना असेल तर जमतं. सियागंजच्या हार्डवेअरच्या गल्लीत हे सुटे मिळतात, तिथेच एम-५ चे बोल्ट पण.

रोटरवर बाणाने फिरण्याची दिशा दिलेली असते, ती बघून सहा बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून कसा, एक पूर्ण कसून मग दुसरा असं नको, रोटर तिरका बसतो. दातेरी वाला असेल तर वरची रिंग ४० न्यूटन मीटरला कसतात, म्हणजे चांगलीच घट्ट. रोटरला आणि पॅडला बोटं लावू नका. हे ऐकायला सोवळं वाटेल पण हाताचं तेल खरंच लागतं.

कॅलिपर लावा, त्याचे दोन बोल्ट ढिले ठेवा. हायड्रॉलिकमध्ये लिव्हर दाबून धरा आणि तसंच धरून बोल्ट कसा, ६ ते ८ न्यूटन मीटर पुरे. केबलच्या साध्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला पॅड मागच्या स्क्रूने रोटरच्या अगदी जवळ आणा, कागदाची घडी जाईल एवढी फट ठेवा, मग तारेने बाहेरचा. लिव्हर दाबल्यावर रोटर थोडा वाकून आतल्या पॅडला टेकतो, ते तसंच असतं, घाबरू नका.

मागे केबल लावताना जुन्या फ्रेमवर उघड्या तारेसाठीची टोकं असतात. आपल्याकडच्या चिखलात मला पूर्ण लांबीचा आऊटर झिप टायने बांधलेला बरा वाटतो. आऊटर ब्रेकचाच, गोल वेटोळ्याचा. गिअरच्या आऊटरमध्ये बारीक तारा उभ्या असतात, ब्रेकचा जोर आला की तो फाटतो.

नवीन लावले पण ब्रेक लागतच नाहीत!

पॅड रोटरवर रुळलेले नाहीत अजून. रिकाम्या रस्त्यावर जरा वेग घ्या, घट्ट ब्रेक मारून चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक जाम करायचं नाही, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्या. वीसेक वेळा पुढचा, तेवढाच मागचा. ताकद हळूहळू वाढलेली हाताला कळते. हे न करता सरळ घाटात जाणारे पुष्कळ आहेत आणि मग कंपनीला शिव्या देतात.

आवाज येतो. कधी खरखर, कधी किंकाळी.

खरखर एका लयीत येत असेल तर रोटर थोडा वाकलाय, स्वच्छ कापड धरून हाताने हळू सरळ करता येतो. सतत येत असेल तर कॅलिपर परत मधे आणा. पावसात ओल्या रोटरची किंकाळी चालायचीच, दोन ब्रेक मारले की जाते.

कोरड्यातही किंचाळतो आणि लागत नाही तर तेल गेलंय. बहुतेक वेळा चेनवर स्प्रे मारताना उडतं, नाहीतर दिवाळीला सायकल चमकवायला पॉलिश मारलेलं असतं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड पॉलिश पेपरवर घासा. पॅडमध्ये तेल खोल मुरलं असेल तर नवीन घ्या. पॅडचा मसाला अर्धा मिमी उरला की तसेही बदलायचे असतात, आणि शिमानोचा रोटर नवा १.८ मिमी असतो तो १.५ वर आला की तोही.

क्विक रिलीजबद्दल लोक घाबरवतात, खरं आहे का?

थोडं खरं आहे. डिस्कचा कॅलिपर चिमट्याच्या मागे असतो, त्यामुळे ब्रेक मारला की एक्सल खाली, म्हणजे खाचेतून बाहेरच्या दिशेने ढकलला जातो. म्हणून चिमट्याच्या टोकाला ते छोटे उंचवटे असतात, चाक काढायला त्रास होतो म्हणून ते कानशीने घासून टाकणारे महाभाग पाहिलेत, तसं करू नका. क्विक रिलीजचा लिव्हर बंद करताना तळहातावर वळ उठेल एवढा घट्ट हवा. आणि उघडा लिव्हर रोटरपर्यंत पोचत नाही ना, तेही बघा. २०१५ मध्ये ट्रेकने याच कारणासाठी जवळजवळ दहा लाख सायकली परत बोलावल्या होत्या, ढिला लिव्हर पूर्ण मागे फिरून पुढच्या डिस्कमध्ये अडकत होता.

चाक काढून गाडीत टाकतो, काही काळजी?

हायड्रॉलिक असेल तर चाक नसताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. मधे पुठ्ठा घालून ठेवा. चुकून दाबला गेलाच तर प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने हळू मागे सारा. रोटरवर बॅगा ठेवू नका.

मग एकूण परवडतं का, की नवीनच घेऊ?

कान आणि डिस्कचे हब दोन्ही असतील तर डोळे मिटून करा, दोन केबलचे कॅलिपर आणि रोटर एवढाच खर्च. पुढचा चिमटा तयार आहे, फक्त पुढचं चाक आणि एक कॅलिपर हवाय, तरीही करा. चिमटा, दोन्ही चाकं, शिफ्टर, वेल्डिंग असं सगळं लागत असेल तर हिशोब कागदावर मांडा आणि तेवढ्यात डिस्कवाली सेकंडहँड सायकल मिळते का बघा, बहुतेक मिळते. बाबांची सायकल आहे म्हणून करायचं असेल तर हिशोब कशाला विचारताय, करा.

काढलेल्या व्ही-ब्रेकचं काय करू?

पुढचे हात, वाकडी नळी आणि रबरी बूट डब्यात ठेवा, मागच्या ब्रेकला तेच सुटे भाग लागतात. आणि चिमट्यावर जे दोन खुंट उरतात ते आट्याचे असतील तर पान्याने निघतात, नसतील तर तसेच राहू द्या, वर बोल्ट लावून ठेवा म्हणजे आट्यात माती जाणार नाही.